बेअरिंग बसवण्याचा दिवस

मित्रहो, पंपाचे किंवा मोटरचे बेअरिंग वाजू लागले की आपण सहज म्हणतो, ‘बेअरिंग गेले.’ माझा अनुभव असा, की पुष्कळदा ते बसवले त्याच दिवशी गेलेले असते. आवाज तेवढा नंतर येतो. एका पंपातून तिसऱ्याच महिन्यात काढलेले 6205 क्रमांकाचे बेअरिंग मी कापून पाहिले होते. बाहेरच्या रिंगच्या खोबणीत, मधोमध नव्हे तर एका कडेला, सारख्या अंतरावर नऊ बारीक खळगे होते, आणि त्या बेअरिंगमध्ये गोळ्याही नऊच होत्या. शाफ्टवर चढवताना हातोडा आतल्या रिंगवर न पडता बाहेरच्या रिंगवर पडला होता, आणि प्रत्येक ठोका गोळ्यांमधून गेला होता. म्हणून जी रिंग घट्ट बसायची आहे तिच्यावरच, तिच्या मापाच्या नळीने, सगळीकडून सारखा जोर द्यावा.

पट्ट्याची ओढ एकाच दिशेला असते आणि शाफ्ट फिरत असतो, तेव्हा आतली रिंग सैल राहिली तर ती शाफ्टवर हळूहळू सरकत त्याला झिजवते; म्हणून ती घट्ट हवी. दोन्ही टोकांची बेअरिंगे मात्र हाउसिंगमध्ये, म्हणजे ती ज्या घरात बसतात त्यात, एकाच वेळी जखडू नयेत, एकच जखडावे; कारण 500 मिमी लांबीचा शाफ्ट 40 अंशांनी तापला तर सुमारे 0.24 मिमी वाढतो, आणि त्या वाढीला कुठेतरी वाट द्यावीच लागते.

मोठे बेअरिंग ठोकण्यापेक्षा तापवावे. 50 मिमी बोअरचे (आतल्या भोकाचे) 6210 तीस अंशांवरून 110 अंशांपर्यंत नेले, की बोअर सुमारे 48 मायक्रॉनने मोठे होते आणि बेअरिंग हाताने सरकते. ज्यात ग्रीस भरून रबरी सील लावलेले असते, ते मात्र 80 अंशांपुढे नेऊ नये आणि तेलात तर मुळीच उकळू नये. गॅसची ज्योत थेट बेअरिंगवर धरण्याची सवय मला फार खटकते. त्याने पोलादाचा कडकपणाच जातो.

आता ऑइल सीलकडे, म्हणजे शाफ्टभोवती बसणाऱ्या रबरी कड्याकडे, वळू. तेल आत राखायचे असेल तर स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे ठेवावी, हे सर्वांना ठाऊक असते. पण पिठाच्या गिरणीसारख्या ठिकाणी बेअरिंग ग्रीसवर चालते आणि खरा शत्रू बाहेरची धूळ असतो. तेथे लिप, म्हणजे सीलची शाफ्टला टेकणारी कडा, बाहेर तोंड करून बसवली, तर धूळ अडते आणि नवे ग्रीस भरताना जुने बाहेर पडायला वाट मिळते. बसवण्यापूर्वी लिपला ग्रीसचा हात द्यावा, आणि सील कीवेवरून (शाफ्टवरच्या चावीच्या खाचेवरून) न्यायचे असेल तर त्या धारेवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळावे, कारण तिथली एक चीर पुढे गळतीच होते. जुन्या सीलने शाफ्टवर नखाला लागेल असा चर पाडला असेल, तर नवे सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवावे, म्हणजे लिप कोऱ्या पृष्ठभागावर चालेल.