एका थ्रो-इनमागची सोळा वर्षं

२७ जून २०१६, फ्रान्समधलं नीस. युरो या युरोपीय देशांच्या फुटबॉल स्पर्धेच्या बाद फेरीत इंग्लंडनं चौथ्याच मिनिटाला पेनल्टीवर गोल केला. दोन मिनिटांत आइसलँडनं बरोबरी साधली, तीही थ्रो-इनवरून, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू हातानं आत फेकून. आधी हा गोल नीट उलगडून पाहू.

कर्णधार आरॉन गुन्नारसननं चेंडू थेट गोलपुढच्या गर्दीत फेकला. उंच कारी आर्नासननं तो डोक्यानं मागे सरकवला आणि धावत आलेल्या रागनार सिगुर्डसननं तो जाळ्यात मारला. थेट थ्रो-इनवर ऑफसाइड, म्हणजे बचावफळीच्या पलीकडे उभं राहून चेंडू घेण्याचा दोष, नसतो; त्यामुळे फेकीच्या क्षणी बचावपटूंना पुढे सरकून कुणाला सापळ्यात पकडता येत नाही. मात्र हातानं फेकलेल्या चेंडूला कोपऱ्यातून पायानं मारलेल्या कॉर्नरसारखा वेग नसतो, त्यावर थेट जोरकस हेडर बसत नाही. म्हणून पहिल्यानं दिशा फक्त वळवायची आणि दुसऱ्यानं आधीच धाव सुरू करायची. दुसरा अर्धा सेकंद उशिरा निघाला तर चेंडू समोरच्याचा. तेव्हा फेकणारा रेषेबाहेर असतो आणि उंच खेळाडू पुढे गेलेले असतात, मग उलटा हल्ला थोपवायला मागे माणसं कमी पडतात. हे जमायचं तर धावा शेकडो वेळा घोटाव्या लागतात.

आइसलँड तो सामना २-१ नं जिंकला. देशाची लोकसंख्या तेव्हा साधारण ३ लाख ३० हजार. आपलं फुटबॉलवेडं कोल्हापूर शहर याहून मोठं आहे.

खरी अडचण मात्र लोकसंख्येची नव्हती, हिवाळ्याची होती. बर्फ, वारा, काळोख. मैदानी हंगाम उन्हाळ्यापुरता. २००० साली केफ्लाविकजवळ कृत्रिम हिरवळीचं, पूर्ण आकाराचं छपराखालचं मैदान उभं राहिलं. मग इतर गावांतही तशी मैदानं झाली, शाळांशेजारी छोटी मैदानं आली. पुढे २०१६ च्या संघात खेळलेली गिल्फी सिगुर्डसन, कोल्बाइन सिग्थोरसन ही मुलं तेव्हा दहा वर्षांची होती. माझ्या मते छपराहूनही मोलाची गोष्ट प्रशिक्षकांची. युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाचे परवाने घेतलेले पगारी प्रशिक्षक अगदी लहान मुलांनाही शिकवतात, तेही गुणी मुलं वेगळी न काढता, सगळ्यांना. इतक्या छोट्या देशात एकही मूल वाया घालवणं परवडत नाही, आणि दहाव्या वर्षी कोण पुढे जाईल हे कुणालाच ओळखता येत नाही.

या पिढीनं २०११ मध्ये २१ वर्षांखालच्या युरोच्या मुख्य स्पर्धेत स्थान मिळवलं. त्यानंतर राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून स्वीडनचे लार्स लागरबाक आले; सोबत हेमिर हालग्रिमसन, पेशानं दंतवैद्य. रचना साधी ४-४-२, म्हणजे चार बचावात, चार मधल्या फळीत, दोन आघाडीवर. चौघांच्या दोन फळ्या एकमेकींना चिकटून, मधल्या जागेत प्रतिस्पर्ध्याला चेंडू मिळूच द्यायचा नाही. २०१२ मध्ये फिफा क्रमवारीत १३१ वर घसरलेला संघ २०१८ मध्ये विश्वचषकात उतरला. तोवरचा तिथला सर्वांत छोटा देश.

राखीव फळी मात्र पातळच राहिली. २०१६ च्या युरोतल्या पाचही सामन्यांत सुरुवातीचे अकरा खेळाडू तेच होते. घोटवलेल्या रचनेला त्यानं बळकटी आली, पण पाय थकले. त्याच स्पर्धेतल्या शेवटच्या सामन्यात फ्रान्सविरुद्ध मध्यंतरालाच ०-४. नोव्हेंबर २०२० मध्ये पुढच्या युरोच्या पात्रतेसाठी हंगेरीविरुद्ध आइसलँड ८८ व्या मिनिटापर्यंत १-० नं पुढे होता आणि १-२ नं हरला. संघाचा कणा तेव्हाही बराचसा २०१६ चाच होता.