अर्धवट शहाणी माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

शाळांच्या परीक्षा आटोपल्या, कूलरचं गवत बदलून झालं आणि दुपारी बारानंतर नागपुरात घराबाहेर पडायची सोय उरली नाही. अशा दिवसांत घरातली पोरं लॅपटॉप उघडून जे खेळत बसतात, त्यातल्या एका खेळाविषयी आज बोलायचं आहे. त्याचं नाव ‘द सिम्स’. मागून जाता-येता आईबाबांनी पडद्याकडे कधीतरी पाहिलंच असेल. तिथे कोणी कोणाला गोळ्या घालत नाही, गाड्या पळत नाहीत. एक बाई ओट्याशी भाजी चिरते आहे, नवरा संडासाच्या दाराशी ताटकळला आहे, आणि आपली लेक तासभर हेच बघत बसली आहे. यात बघण्यासारखं आहे तरी काय बाप्पा, असं मनात येणारच.

प्रश्न रास्त आहे, कारण या खेळात जिंकायचं काही नसतंच. शेवटचा राक्षस नाही, शेवटची पातळी नाही. पहिला भाग आला ४ फेब्रुवारी २००० रोजी. सध्याचा चौथा भाग २ सप्टेंबर २०१४ चा. एवढ्या वर्षांत किती खेळ आले नि गेले, पण याचे खेळाडू सहा महिने गायब होतात आणि पुन्हा परततात. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: या खेळातली माणसं मुद्दाम अर्धवट शहाणी ठेवली आहेत. पुन्हा सांगतो, मुद्दाम. ती पूर्ण शहाणी असती तर त्यांना तुमची गरज नव्हती, आणि पूर्ण वेडी असती तर तुम्हीच कंटाळून उठला असता.

हे कसं ठरलं, त्याची गोष्ट आहे आणि ती आगीपासून सुरू होते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात ओकलंड आणि बर्कली ही जोडगावं आहेत. तिथल्या टेकड्यांवर १९ ऑक्टोबर १९९१ ला, शनिवारी, गवताला लहानशी आग लागली. बंब आले, आग विझली. दुसऱ्या दिवशी कोरडा, सोसाट्याचा वारा सुटला आणि राखेखाली धुमसणारा निखारा पुन्हा पेटला. मग ती आग कोणाला आवरेना. २५ माणसं गेली, जवळपास तीन हजार घरं खाक झाली. (इथे जरा आडवळण घेतो. आपल्याकडे उन्हाळ्यात शेतकरी धुरे पेटवतात आणि जाळ बसला की घरी निघून जातात. जाळ बसला म्हणजे आग विझली असं नव्हे. पाणी मारायचं, राख उलटवायची, पुन्हा पाणी मारायचं, आणि वारा असेल तर त्या दिवशी पेटवायचंच नाही. हे कितीदा सांगितलं तरी कमीच.)

तर, जळालेल्या घरांत एक घर होतं विल राइट यांचं. हे गृहस्थ तेव्हाच नावाजलेले. १९८९ साली त्यांचा ‘सिमसिटी’ आला होता, शहर वसवण्याचा खेळ. रस्ते टाका, वीज न्या, कर बसवा. आता शहर वसवणाऱ्याचंच घर गेलं. अख्खा संसार नव्याने उभा करायचा होता. तुम्हीच विचार करा, पातेल्यापासून पायपुसण्यापर्यंत सगळं विकत आणायचं, तर यादीत पहिलं काय लिहाल? गादी की गॅस? आणि त्या यादीतली प्रत्येक वस्तू नेमकी कशासाठी हवी असते? भूक, झोप, अंघोळ, करमणूक, चार माणसांत बसणं. वस्तू आणि गरज यांचा हा हिशोब राइट यांच्या डोक्यात घोळू लागला.

घरं कशी बांधावीत याचं वेड त्यांना होतंच. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाच्या विचारांचा प्रभाव त्यांच्यावर होता: घर माणसाच्या वावरावरून ठरावं. म्हणून खेळाचा पहिला आराखडा घर बांधण्याचाच होता. तुम्ही घर बांधायचं आणि त्यात छोटी माणसं सोडायची. ती माणसं फक्त परीक्षक. संडास लांब पडला, जेवायला टेबल नाही, तर ती कुरकुरणार, आणि त्यावरून घर चांगलं की वाईट ते कळणार.

(पुन्हा आडवळण. ही चाचणी आपल्याकडच्या बिल्डरांना सक्तीची करायला हवी. बेसा-मनीषनगर बाजूला उभ्या राहिलेल्या फ्लॅटचे नकाशे पाहा. हॉलला फॉल्स सीलिंग, आणि स्वयंपाकघराची खिडकी कोंदट डक्टमध्ये. मे महिन्यात तिथे पोळ्या लाटून बघा म्हणावं.)

तर परीक्षक म्हणून आणलेली माणसं घरापेक्षा रंजक निघाली. बघणारा भिंती विसरून माणसांकडेच बघत राहायचा. राइट यांच्या कंपनीत, म्हणजे मॅक्सिसमध्ये, या खेळाला ‘बाहुलीघर’ म्हणत, आणि संचालकांना त्यात काडीचा रस नव्हता. भांडी घासायचा खेळ पैसे देऊन कोण घेणार? निवडक लोकांना बोलावून कल्पना ऐकवली, त्यांनीही नाकं मुरडली. काम रखडत, चोरूनमारून चालू राहिलं. १९९७ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने मॅक्सिस विकत घेतली आणि मग कुठे खेळाला वाट मिळाली. पुढे मार्च २००२ मध्ये तो तोवरचा सर्वांत जास्त खपलेला संगणक-खेळ ठरला आणि खेळणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका-मुली होत्या. नाकं मुरडणाऱ्यांचं काय झालं, ते सोडून द्या.

आता गोष्टीचा गाभा. ही माणसं चालवायची कशी? राइट यांनी त्याआधी मुंग्यांवर एक खेळ केला होता, ‘सिमअँट’. एकटी मुंगी फारशी हुशार नसते. वाटेवर सोडलेल्या वासावरून ती चालते, म्हणजे शहाणपण वाटेवर असतं. तेच इथे केलं. सिमच्या, म्हणजे खेळातल्या माणसाच्या, डोक्यात फार काही नाही, अक्कल वस्तूंत भरली. प्रत्येक वस्तू एखाद्या आकाशवाणी केंद्रासारखी आपली जाहिरात सतत प्रसारित करते. फ्रीज सांगतो, भूक भागेल. पलंग सांगतो, थकवा जाईल. टीव्ही सांगतो, करमणूक होईल. जवळच्या वस्तूचा आवाज मोठा, लांबच्या वस्तूचा क्षीण. पहिल्या भागात सिमच्या आठ गरजा असतात: भूक, आराम, स्वच्छता, लघवी, झोप, करमणूक, लोकांशी बोलणं आणि खोलीचा नीटनेटकेपणा. प्रत्येकीची पट्टी उणे शंभरपासून अधिक शंभरपर्यंत. जी पट्टी खाली गेली, तिच्या जाहिरातीला जास्त वजन. बेरीज होते आणि सिम उठून चालू लागतो.

हे इतकं चोख जमलं की पंचाईत झाली. सिम स्वतःचं सगळं स्वतःच करू लागले, तेही खेळाडूपेक्षा बरं. तुम्ही मध्ये हात घातला की घराचं वाटोळं, हात मागे घेतला की सगळं आलबेल. मग खेळायचं काय? म्हणून या माणसांना जाणूनबुजून थोडं मठ्ठ केलं. सर्वांत जास्त गुणांचं काम न निवडता वरच्या काही कामांतून एक चिठ्ठी टाकल्यासारखं उचलायचं. त्यामुळे सिम भुकेला असताना कधी मासे बघत उभा राहतो, ऑफिसची गाडी हॉर्न देत असताना टीव्ही लावतो. तुम्ही ओरडता, “अरे, जेव ना!” तिथेच तुम्ही अडकलात.

त्या अडकण्याची एक सकाळ जवळून बघू. पहिल्या भागातली. चौघांचं घर, संडास-बाथरूम एकच. नोकरी नऊची. गाडी आठला दाराशी येते आणि तासभर थांबते. लागोपाठ दोन दिवस गाडी चुकली की नोकरी गेली. खेळातला एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद, म्हणजे अख्खा दिवस २४ मिनिटांत. आठच्या आधी दोन तास हवेत, म्हणजे तुमच्या हाती १२० सेकंद. बाबा अंघोळीला गेला आणि त्याने दार अडवलं. मुलगा बाहेर उड्या मारतो, शेवटी फरशीवर ओलं. आई ते पुसायला वाकली. ओट्यावर कालच्या ताटल्या, त्यांवर माश्या, म्हणून खोलीची पट्टी लाल, म्हणून मूड खराब. आणि मूड खराब असला की ऑफिसात बढती नाही. एका बाथरूममुळे बढती अडते, हे खेळाडूच्या लक्षात आलं की तो गाडी गेल्यावर खेळ थांबवून भिंत पाडतो, दुसरं बाथरूम बांधतो, आणि “बघू तर उद्या काय होतं” म्हणतो. तो उद्या पुन्हा २४ मिनिटांवर असतो. रात्रीचे दोन असेच वाजतात.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सुरुवातीला मिळालेले खेळातले २०,००० दिखाऊ सोफ्यावर उडवू नका. आधी चांगला पलंग आणि चांगला फ्रीज, कारण वस्तू महाग तशी पट्टी भराभर भरते आणि वाचलेला वेळ हाच खरा पैसा. फ्रीज, ओटा, शेगडी एका ओळीत ठेवा, समोर चालायला एक चौकोन मोकळा ठेवा. वाट अडली की सिम हात हलवून तक्रार करतो आणि काम सोडून देतो. ज्याला स्वयंपाकाचं कौशल्य शून्य आहे, त्याला शेगडीला हात लावू देऊ नका. पुस्तकांच्या कपाटासमोर बसवून आधी दोन-तीन गुण शिकू द्या, नाहीतर शेगडी पेटते. आणि पेटली की घरातले सगळे विझवायचं सोडून तिच्याभोवती गोळा होऊन किंचाळतात. धुराचा गजर भिंतीवर असेल तर बंब आपोआप येतो, नसेल तर फोन तुम्हीच करायचा. ज्यांचं घर जळालं, त्यांनीच ही आग खेळात घातली आहे, हे मला फार आवडतं.

आता मुलांनो, फुकटच्या पैशांबद्दल. चौथ्या भागात कंट्रोल, शिफ्ट आणि सी एकदम दाबून ‘मदरलोड’ टाइप केलं की ५०,००० खात्यात पडतात, हे तुम्हाला माझ्याआधी ठाऊक आहे. बंगला बांधून बघायचा असेल तर खुशाल वापरा. पण संसार खेळायचा असेल तर वापरू नका. सगळ्या पट्ट्या हिरव्या राहिल्या की सिमला तुमची गरज उरत नाही, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही खेळ बंद करता. पुन्हा तेच: गरज संपली की ओढ संपली.

पहिल्या भागात पोरं कधी मोठीच होत नव्हती. २००४ च्या दुसऱ्या भागात वय वाढू लागलं, नाकडोळे आईबापांवर जाऊ लागले, आणि परतून येण्याचं आणखी एक कारण मिळालं: नातीचं पुढे काय झालं? त्यातूनच दहा पिढ्यांचा डाव निघाला. रिकामा प्लॉट, हाती जेमतेम पैसे, एकच सिम, आणि फुकटचे पैसे बंद. प्रत्येक पिढीतला एक वारस घर पुढे नेतो. ज्यांना आठवड्यातून दोन तासच मिळतात, त्यांनी सेटिंगमध्ये आयुष्य ‘लाँग’ करू नये, ‘नॉर्मल’ ठेवावं. नाहीतर दुसरी पिढी उजाडायच्या आधीच मन उडतं.

चौथ्या भागाचा मूळ खेळ १८ ऑक्टोबर २०२२ पासून फुकट आहे. कमाई जोडपॅकांवर होते: ऋतू वेगळे विकत, पाळीव प्राणी वेगळे विकत. वस्तूतच अक्कल असल्यामुळे नवी वस्तू आणून ठेवली की जुना सिम तिला आपोआप ओळखतो, म्हणून असे पॅक काढणं मुळात सोपं जातं. सगळे घेऊ नका. आधी मूळ खेळात एक पिढी पूर्ण करा, मग ज्याची खरोखर उणीव भासली तो एकच पॅक, तोही सेल लागल्यावर.

शेवटी, सहा महिन्यांनी परतणाऱ्यांची हमखास अडचण. खेळ अद्ययावत होतो आणि लोकांनी बनवलेले जुने मॉड, म्हणजे खेळात बदल करणाऱ्या जोडफाइली, बिघडतात. सिम टी-पोझमध्ये, म्हणजे दोन्ही हात आडवे पसरून, उभा राहतो, मेन्यू उघडत नाहीत, जन्मलेलं मूल पाळण्यात दिसत नाही. घाबरून खेळ काढून टाकू नका. डॉक्युमेंट्स, मग इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, मग द सिम्स ४; त्यातला मॉड्सचा फोल्डर उचलून डेस्कटॉपवर ठेवा. शेजारची लोकलथम्बकॅश नावाची फाइल पुसून टाका, ती आपोआप नव्याने बनते. आता खेळ सुरू करून बघा. नीट चालला, तर दोष मॉडचा. मग निम्मे मॉड परत टाका, बघा. बिघडलं तर त्यातले निम्मे काढा, पुन्हा बघा. असं निम्मं-निम्मं करत गेलं की शंभर मॉडमधला बिघडलेला एक सात-आठ फेऱ्यांत हाती लागतो. सगळे मॉड, आणि स्क्रिप्टचे म्हणजे ज्यांत प्रोग्रामचा कोड असतो तेही, प्रत्येक अपडेटनंतर खेळ स्वतःहून बंद करतो, ते गेम ऑप्शन्समधल्या ‘अदर’ या भागात जाऊन पुन्हा चालू करायचे. आणि हे स्क्रिप्ट मॉड फोल्डरच्या आतल्या फोल्डरच्या आत खोल ठेवू नका. एका पातळीखाली खेळ त्यांना शोधतच नाही.

या सगळ्या चाचण्या तुमच्या लाडक्या घराण्यावर करू नका. नवीन नावाने एक फालतू सेव्ह करा, त्यावर करा. तरीही खरं घराणं बिघडलंच, तर ‘लोड गेम’मध्ये त्या सेव्हवर जाऊन ‘रिकव्हर’ दाबा. मागच्या पाच प्रती तिथे ठेवलेल्या असतात, त्यातली बिघाडाच्या आधीची निवडा. पाचपेक्षा जुनी प्रत तिथे मिळत नाही, म्हणून बिघाड दिसल्या दिसल्या सेव्ह करत सुटू नका, आधी थांबा. आणि लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नका. खालची हवेची वाट बंद होते, नागपूरच्या उन्हाळ्यात तो तापून अडखळतो आणि बिचाऱ्या मॉडला शिव्या बसतात. पाटावर ठेवा, कूलरच्या थेट ओल्या झोतात मात्र नको.

नमस्कार.