पागोळ्या, माळवद आणि चोरटा कान

श्रोतेहो, नमस्कार. चोरून ऐकणाऱ्याला इंग्रजीत ईव्हज्ड्रॉपर म्हणतात. ईव्हज् म्हणजे वळचण आणि ड्रॉप म्हणजे तिथून गळणारं पाणी, आपल्या पागोळ्या. आपल्या छपराचं पाणी शेजाऱ्याच्या जागेत पडू नये म्हणून इंग्लंडात पूर्वी भिंतीलगत पट्टा मोकळा सोडत. त्या पट्ट्यात उभा राहून जो भिंतीला कान लावतो, तो ईव्हज्ड्रॉपर. शब्द आधी पाण्याचा, मग जागेचा, मग माणसाचा. पुन्हा सांगतो : पाणी, जागा, माणूस. तिथं हा गुन्हाच होता, १९६७ साली तो कायद्यातून निघाला.

आपल्या माळवदाला, म्हणजे पांढऱ्या मातीच्या सपाट छताला, कुठली वळचण आणि कुठल्या पागोळ्या? आपल्याकडचा चोरटा कान वर चढायचा, धूर जायच्या झरोक्यापाशी.

माझी आजी सांगायची. १९४८ साल, रझाकारांचा धुमाकूळ. हैदराबाद संस्थानाच्या सीमेपलीकडं स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प होते. तिकडं ज्वारी कशी पोचवायची, हे बोलणं आमच्या सैपाकघरात चाललेलं. आजोबा आणि दोघं भाऊबंद. आजी चुलीपुढं. तेवढ्यात तव्यातल्या भाकरीवर चिमूटभर पांढरी माती पडली. वारा तर नव्हता. आजीनं मान वर केली नाही. केली असती तर वरचा सावध झाला असता. तिनं भाकर उतरवली, हात धुतले, पदर खोचला आणि सरळ जात्यावर जाऊन बसली. मूठभर दाणे टाकले आणि मोठ्यानं ओवी धरली. दिवेलागणीला, चूल पेटती सोडून, बाई जात्यावर! आजोबा काय ते समजले. ज्वारीचं बोलणं बैलाच्या खांद्यावर आलं, खांद्यावरून तेलहळदीवर. जातं मात्र थांबलं नाही. वरची माती पुन्हा एकदा सांडली, मग पन्हळीकडं पावलं गेली. ज्वारी पुढच्या रात्री दुसऱ्या वाटेनं निघाली.

वर कोण होता, ते आजीला पावलांवरूनच कळलं होतं. तिनं नाव कधी घेतलं नाही. सप्टेंबरात संस्थान मुक्त झालं, पुढं त्याच माणसाच्या लेकीच्या लग्नात तिनं वाढपही केलं.

जाता जाता बोलतोच : ओव्यांचं आपण नुसतं कौतुक करतो, हे मला पुरेसं वाटत नाही. त्या घरघरीआड बायकांनी सासरचं दुःख बोलून घेतलं, माणसंही वाचवली. आणि हल्ली एसटीत फोन स्पीकरवर टाकून घरचे व्यवहार बोलणारे पाहिले, की जीव तुटतो. घरातलं बोलणं घरातच राहावं, यासाठी कुणी कुणी हात झिजवले आहेत.

आता आपले शब्द. हेर शब्दाजवळच हेरणं आहे, ते डोळ्याचं काम. कानाचं काम कानोसा घेण्याचं. पण कानोसा तर आई पाळण्याचाही घेते, त्यात चोरी नाही. मग चोरून ऐकणाऱ्याला तुमच्या गावात काय म्हणतात? उमरग्याकडं, किनवटकडं, गेवराईकडं? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि आकाशवाणीच्या पत्त्यावर कळवा. नमस्कार.