'किरण' या शब्दानं केलेला घोटाळा

मंडळी, हा टीव्हीचा साधा रिमोट. पुढच्या दोन रांगांनी फोन काढा, सेल्फीचा कॅमेरा सुरू करा आणि माझ्याकडे पाठ फिरवा. वक्त्याकडे पाठ करायची अशी संधी पुन्हा मिळायची नाही. मागचा कॅमेरा नको, त्याला बहुधा गाळणी बसवलेली असते. आता मी बटण दाबतो. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण फोनच्या पडद्यावर रिमोटचा पुढचा मणी फिकट जांभळट लुकलुकतोय. दिसला? या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ९४० नॅनोमीटर. आपली नजर ७०० च्या आसपास, लाल रंगापाशी संपते. कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनची संपत नाही, एवढंच.

हे 'लाल रंगापलीकडचं' पहिल्यांदा सापडलं १८०० साली, खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलला. कोणत्या रंगात किती उष्णता असते हे तो मोजत होता. लोलकातून ऊन पाडायचं, एकेका रंगात काळा केलेला तापमापी ठेवायचा. जांभळ्यात पारा कमी चढला, लालमध्ये जास्त. मग त्यानं तापमापी लालच्या पुढे, जिथे नुसता अंधार दिसत होता तिथे ठेवला, तर पारा आणखी चढला. पुढच्याच वर्षी रिटर नावाच्या शास्त्रज्ञानं दुसरं टोक तपासलं. चांदीचा क्षार जांभळ्याच्या पलीकडे सगळ्यात लवकर काळा पडला.

ही दोन टोकं म्हणजे अवरक्त आणि अतिनील. 'अव' म्हणजे खाली, पण कशाच्या खाली? वारंवारतेच्या. तरंगलांबीचा तक्ता पाठ केलेली मुलं इथे हमखास अडखळतात, कारण तिथे अवरक्त वरचढ असतं. आणि जांभळ्याच्या पुढच्याला 'अतिनील' म्हणून आपण बिचाऱ्या जांभळ्यावर अन्यायच केलाय.

रेडिओ लहरींपासून गॅमा किरणांपर्यंत सगळं प्रकाशाच्याच जातीचं, म्हणजे विद्युतचुंबकीय लहरी, हे मॅक्सवेलच्या समीकरणांनी सुचवलं आणि हर्ट्झनं १८८७ च्या सुमारास प्रयोगशाळेत रेडिओ लहरी निर्माण करून त्याला पुरावा दिला. निर्वात जागेत सगळ्यांचा वेग तोच, सेकंदाला ३ लाख किलोमीटर. मग एवढी एकी असताना आपण रेडिओला घाबरत नाही आणि गॅमाला का घाबरतो?

समजा, दहा फुटी कुंपण ओलांडायचंय. एकेक फूट उडी मारणारी हजार माणसं आणली म्हणून कुणी पलीकडे जाणार आहे का? प्रकाश ऊर्जा देतो ती पुडक्यापुडक्यांनी, आणि प्रश्न पुडकी किती हा नसून एकेक पुडकं केवढं हा असतो. अणूतला इलेक्ट्रॉन उपटायला साधारण १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं छोटं माप) लागतात. हायड्रोजनला १३.६. जांभळ्या प्रकाशाच्या पुडक्यात असतात ३, आणि मायक्रोवेव्हच्या पुडक्यात सुमारे ०.००००१. अतिनील प्रकाश मधल्या वाटेवरचा. त्याचं ४-५ इलेक्ट्रॉन-व्होल्टचं पुडकं इलेक्ट्रॉन उपटत नसलं तरी डीएनएमधले रासायनिक बंध बिघडवतं. गॅमाचा हिशेब मात्र लाखांत जातो.

पण ती हजार माणसं कुंपणापाशी दणादण उड्या मारत राहिली तर जमीन हादरेलच. मायक्रोवेव्ह तापवतो तो असा. म्हणून त्याच्या दारावर जाळी असते. भोकं मिलिमीटर-दोन मिलिमीटरची आणि लहर १२ सेंटीमीटरची, ती काही बाहेर येत नाही. दिव्याचा प्रकाश मात्र त्याच भोकांतून आरामात येतो, म्हणून आतलं दिसतं.

आता मूळ घोटाळ्याकडे येतो. १८९५ मध्ये रंटगेनला अनोळखी किरण सापडले. बीजगणितातल्या अज्ञात संख्येसारखं त्यानं त्यांना 'एक्स' म्हटलं. आपल्या बीजगणितात अज्ञाताला 'क्ष' म्हणायची रीत, म्हणून ते झाले क्ष-किरण. भाषांतर असावं तर असं! पुढच्याच वर्षी बेकेरेलनं युरेनियमचा क्षार उन्हात ठेवून काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचेवर काय उमटतं ते पाहायचं ठरवलं. आभाळ भरून आलं, म्हणून सगळं खणात ठेवून दिलं. तरी काच धुतल्यावर डाग ठळक निघाले. ऊन लागलंच नव्हतं!

युरेनियममधून निघतंय काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे जे निघालं ते 'किरण'. अल्फा, बीटा, गॅमा. पुढे कळलं की अल्फा म्हणजे हेलियमचं अख्खं केंद्रक, बीटा म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन. तिघांत लहर एकटा गॅमाच. पण नावं चिकटली ती चिकटलीच. वास्तविक मराठीत लहरींच्या उत्सर्जनाला 'प्रारण' आणि केंद्रकातून होणाऱ्याला 'किरणोत्सार' असे दोन नेमके शब्द आहेत. ते सोडून आपण मोबाइलपासून अणुभट्टीपर्यंत सगळ्याला 'रेडिएशन' म्हणतो, हे मला पटत नाही.

क्ष-किरण आणि गॅमा यांत फरक मुख्यतः जन्मस्थानाचा. क्ष-किरण निघतात इलेक्ट्रॉनच्या हालचालीतून, गॅमा केंद्रकातून. क्ष-किरणाच्या यंत्राला बटण असतं. बटण बंद केलं की दिवा घालवल्यासारखं, खोलीत काही उरत नाही. केंद्रकाला बटण नसतं. किरणोत्सारी आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होणार, तापवा नाहीतर गोठवा.

आणि असं फुटणारं केंद्रक फक्त प्रयोगशाळेत असतं असंही नाही. प्रत्येकाच्या शरीरात पोटॅशियम असतं आणि त्यात किंचित पोटॅशियम-४०. मोठ्या माणसाच्या अंगात त्याची दर सेकंदाला सुमारे ४ हजार केंद्रकं फुटतात. बहुतेक वेळा बीटा निघतो, दहातून एखाद्या वेळी गॅमा, आणि त्यातले बरेचसे गॅमा शरीराबाहेर पडतात, काही तर शेजारच्या खुर्चीतल्या माणसाच्या अंगातूनही जातात. या पोटॅशियम-४० चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, सव्वाशे कोटी वर्षं. ते पृथ्वी बनण्याच्या आधीच ताऱ्यांत तयार झालं होतं, आणि अजून संपलेलं नाही.