हा बोल्ट सुटायलाच हवा

[दृश्य: बॅरियरचा पत्रा आणि खांब, अगदी जवळून]

हा बोल्ट नीट पाहा. रस्त्याच्या कडेच्या बॅरियरच्या पत्र्याला खांबाशी धरून ठेवणारा हा एकटाच. त्याचं भोक लांबट आहे आणि डोक्याखाली वॉशर नाही. वॉशर विसरलेला नाही, तो इथे घालायचाच नसतो. गाडी आदळली की खांब मागे कलत जमिनीकडे झुकतो. त्या क्षणी बोल्टचं डोकं भोकातून निसटायला हवं. ते अडकलं तर खांब पत्र्यालाही खाली ओढतो आणि गाडी त्यावर चढून पलीकडे जाते. मजबुतीसाठी म्हणून टाकलेला एक जाड वॉशर सगळं गणित बिघडवतो.

सुटलेला पत्रा मग दोरीसारखा ताणला जातो. जाडी जेमतेम 2.7 मिलिमीटर, पण दोन्ही टोकांना तो पक्का जखडलेला असतो, म्हणून गाडीला कवेत घेऊन हळूहळू वळवतो. पत्रा आणि खांब यांच्यामधला ठोकळा चाकाला खांबापासून दूर ठेवतो. दोन पत्र्यांचा जोड 8 बोल्टांचा. पूर्वी तो खांबावरच यायचा आणि पत्रा फाटायचा तो बहुतेक तिथेच. नव्या रचनेत जोड दोन खांबांच्या मधोमध घेतला. बदल लहान, पण फार मोलाचा.

[दृश्य: चाचणी मैदान, केबलनं ओढली जाणारी पिकअप]

अशा बॅरियरच्या धडक-चाचण्यांसाठी अमेरिकेत ‘मॅश’ नियमावली आहे. तिच्या तिसऱ्या पातळीवर 2270 किलोची पिकअप ताशी 100 किलोमीटर वेगानं, 25 अंशांच्या कोनात बॅरियरवर सोडतात. त्यातला बॅरियरवर काटकोनात येणारा वेग ताशी 42 किलोमीटर भरतो, म्हणजे सुमारे 156 किलोज्यूल ऊर्जा. त्याच वेगानं, त्याच कोनात 1100 किलोची छोटी कारही आदळवतात. पिकअप पत्रा फाडू शकते किंवा ओलांडू शकते, छोटी कार त्याखाली घुसू शकते. एकच उंची दोघींना पुरली पाहिजे.

गाडी उलटली नाही एवढ्यावर चाचणी पास होत नाही. गुरुत्वमध्याजवळचे सेन्सर त्वरण नोंदवतात. त्यावरून, आतला माणूस सैल बसलेला धरला तर तो गाडीच्या आतल्या भागावर किती वेगानं आदळेल, हे काढतात. मर्यादा सेकंदाला 12.2 मीटर. आधी मातीही तपासतात, कारण खांबाला मातीत कलायचं असतं. खांबाभोवती थेट काँक्रीट ओतलं की ते कलणं थांबतं. तसं करायची वेळ आलीच, तर खांबाभोवती मोकळी जागा सोडून ती कमकुवत मिश्रणानं भरतात.

[दृश्य: रस्त्यावर डांबराचा नवा थर]

प्रत्यक्ष रस्त्यावर घोटाळा बहुतेक वेळा उंचीत होतो. जोड मधोमध घेतलेल्या या नव्या रचनेत पत्र्याची वरची कड जमिनीपासून 787 मिलिमीटरवर असते. 50 मिलिमीटरचे दोन थर चढले की उरतात 687. बॅरियर दिसायला तोच, एकही ओरखडा नाही, पण उंच बंपरची गाडी आता त्यावर चढू शकते. म्हणून नवा थर पडल्यावर, पट्टे मारण्याच्या आधीच, टेप लावून पत्र्याची वरची कड मोजायची. कमी भरली तर पत्रा वर घ्यायचा आणि काम त्यानंतरच ताब्यात घ्यायचं.