मेसेज टाकला, पुढं काय?

कोल्हापुरात जुलै-ऑगस्ट आला की सकाळचा पहिला प्रश्न एकच, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती? ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे इथं शाळकरी पोरालापण पाठ असतंय. आधी लोक शिवाजी पुलावर जाऊन बघायचे मच्छिंद्री झाली का, म्हणजे पाणी पुलाच्या ठरलेल्या खुणेला लागलं का ते, आता स्टेटसवर आकडा पडतो आणि राधानगरी धरणाचा दरवाजा उघडला की गल्लीभर मेसेज.

ऑगस्ट २०१९. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. चिखली, आंबेवाडी पाण्यात, तिकडं शिरोळ तालुक्यात कृष्णा पण चढलेली, शिरोलीजवळ हायवे बंद. अशात तालमीची, कॉलेजची पोरं, ज्यांच्या घरात लाइट होती ती सगळी मोबाईल घेऊन अडकलेल्यांच्या मदतीला बसली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला तेव्हा २५६ जणांची मर्यादा, म्हणून एक भरला की दुसरा काढायचा.

मेसेज कसे यायचे बघा. "आजी-आजोबा अडकलेत, प्लीज हेल्प, जास्तीत जास्त शेअर करा." गाव नाही, तारीख नाही, वेळ नाही. फॉरवर्ड करणाऱ्याला वाटतं आपलं काम झालं, आणि खरं काम तिथनं पुढं सुरू होतं! मूळ मेसेज कुणाचा ते शोधत मागं जायचं, बहुतेक वेळा तो पुण्या-मुंबईतला मुलगा नाहीतर जावई निघतो, त्याच्याकडनं शेजाऱ्याचा नंबर घ्यायचा आणि विचारायचं, माणसं किती, पाणी कितव्या पायरीला, कुणी अंथरुणाला खिळलंय का, औषध कुठलं लागतंय. आणि जनावरं आहेत का, हे तर विचारायचंच. कारण बोट दारात येऊन उभी राहते आणि म्हातारा म्हणतो, म्हस सोडून मी येत नाही. बाहेरच्याला हा हट्ट वाटंल, पण ज्याचं घर दुधावर चालतं त्याला कोण आणि काय समजावणार? मग त्याच्याच भावकीतलं कुणीतरी फोनवर धरून द्यायचं.

लोकेशनची पण गंमतच. नकाशा रस्ता दाखवतो आणि तिथं छातीएवढं पाणी. म्हणून पिनसोबत खुणा लिहायच्या, देवळामागं, टेरेसवर निळी टाकी, आणि घरच्यांना सांगायचं वर लाल चादर बांधा. समोरून एकच टिक दिसली की फोन बंद, नाहीतर रेंज गेली, तेव्हा साधा एसएमएस करून बघायचा, कमी रेंजमध्ये तो कधीकधी जातो.

हे सगळं एनडीआरएफ किंवा कंट्रोल रूमला कळवायचं. आणि माणसं बाहेर आली की त्याच ग्रुपांवर "सुटका झाली, फिरवू नका" असं टाकायचं, वेळेसकट. हे कुणी करत नाही राव! मग तोच मेसेज फिरत राहतो आणि रिकाम्या घराकडं बोट परत जाते. २०२१ च्या जुलैत पाणी परत ५५ च्या पुढं गेलं, तेव्हा लोक २०१९ चे व्हिडिओ ढकलत होते.

पाणी उतरल्यावर वेगळाच ताप. ट्रकभर जुने कपडे येतात, आणि गावात लागतंय काय तर झाडू, फिनेल, पशुखाद्य, सॅनिटरी पॅड. म्हणून गावागावाची शीट, काय पाहिजे, काय पोचलं, आणि "कपडे नकोत" हे सगळ्यात वर, ठळक.

बोटवाले, पोहणारे, ट्रॅक्टरवाले, जनावरांचे डॉक्टर यांची यादी मे महिन्यातच काढायची, प्रत्येक नंबर लावून बघायचा. मदतीसाठी नाव द्यायचं असेल तर तेव्हाच द्या, पाणी ४० फुटाला आल्यावर कोण विचारत बसणार?