पाणी फिरेपर्यंत

[पडद्यावर: अंधारी जेट्टी, टॉर्चचा उजेड, पाण्याचा आवाज]

रात्रीचे पावणेतीन. बेलापूरचा दिवाळे कोळीवाडा. टाकीत पेट्रोल आहे, जाळं होडीत चढलंय, तरी काका दोरी सोडत नाहीत. पाणी फिरायची वाट बघतायत.

आज चतुर्थी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चारची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती पुरी होणार आणि मग ओहोटी लागणार. मशीनच्या होडीचं सगळ्यात जास्त तेल हे तोंडी गणितच वाचवतं. समजा, होडी पाण्यातून ताशी १० किलोमीटरने चालते आणि खाडीच्या पाण्याची ओढ ताशी ३ किलोमीटरची आहे. ओढीबरोबर निघालात तर तासाला १३ किलोमीटर जाल, ओढीच्या उलट निघालात तर ७. पेट्रोल तेवढंच जळतं, अंतर मात्र जवळजवळ निम्मं.

[पडद्यावर: दोरी सुटते, मशीन सुरू होतं]

बघा, काकांनी मशीनचा वेग वाढवायची मूठ पूर्ण पिळलेली नाही. पाणी कापत चालणाऱ्या होडीचा कमाल वेग तिच्या लांबीवर ठरतो. २० फुटी होडीला तो ताशी ११ किलोमीटरच्या आसपास. त्यापुढे रेटलं की मागचा भाग पाण्यात बसतो, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर उचलते आणि होडी स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढत राहते. आवाज वाढतो, खर्च वाढतो, वेग जेमतेम.

सपाट बुडाच्या हलक्या फायबर बोटीचं वेगळं. ती पाण्यावर उचलली गेली की मूठ थोडी सोडायची, खाली बसणार नाही इतपतच ठेवायची. नाळ आकाशाकडे करून मधल्याच वेगात चालवणं सगळ्यात महाग.

[पडद्यावर: उपसा, मग उचललेलं मशीन]

आता तळातलं पाणी. २० लिटर साचलं म्हणजे २० किलोचं ओझं, तेही फुकट वाहायचं. म्हणून आधी उपसा. बुडाला चिकटलेलं शेवाळ आणि कवचं खरवडणंही त्यातच आलं. खरखरीत बूड पाणी धरून ठेवतं.

आणि होडीला ढकलणारा मशीनचा पाण्यातला पंखा. वाटेत मशीन अचानक जड झालं. काकांनी ते बंद करून उचललं, तर पंख्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली. ही पिशवी खाडीत जन्मलेली नाही, आपल्याच नाल्यांतून आलीय. तिच्यापायी जळणारं पेट्रोल मात्र काकांच्या खिशातून जातं. हे बघताना मला फार वाईट वाटलं.

[पडद्यावर: सकाळ, होडी परत येताना]

सव्वानऊच्या सुमारास पाणी पुन्हा फिरलं. भरतीच्या ओढीनं होडी घराकडे निघाली, मशीन अगदी हलकं चालू.

उद्या पंचमी. दोरी पावणेचारला सुटेल.